तळव्यावरचं तिकीट

टपालाचं जुनं तिकीट हातात आलं की ती आधी ते उलटं करायची. चित्राकडे बघायचीच नाही. उलटं तिकीट डाव्या तळव्यावर ठेवून तोंड जवळ न्यायची आणि त्यावर 'हाः' करायची, चष्मा पुसण्याआधी आपण काचेवर करतो तसं. मग मान मागे घेऊन बघत राहायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "निजतंय का वळतंय ते बघते." निजलं म्हणजे तिकीट तळव्यावर सपाट पडून राहिलं. वळलं म्हणजे त्याच्या दोन कडा उचलून बारीक सुरळी व्हायला लागली. निजलं तर चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. वळलं तर ती तिकीट परत देताना एकदा "च्यक" करायची आणि मशीनचं पायडल मारायला लागायची.

तुम्ही कधी कर्जतच्या बाजारात ब्लाउज शिवायला टाकला असेल, तर तिला पाहिलं असणार. भाजीवाल्यांच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक मशीन, एक कापायचं टेबल आणि गिऱ्हाइकाला बसायला एक बाक. गळ्यात टेप आणि तोंडात टाचण्या, त्यामुळे बोलणं मोजकंच. माहेर कोंडाण्याचं. लेणी बघायला येणाऱ्या पोरांच्या पाठपिशव्यांचे तुटलेले बंद शिवून देता देता शिवण शिकले, असं ती सांगायची. सगळी गल्ली तिला वहिनी म्हणायची म्हणून मीही म्हणायचे. वयानं ती माझ्याहून मोठी असेल, पण मी पोस्टातली बाई, म्हणून मला ताई म्हणायची आणि तुमी म्हणायची.

मला तिचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमची माझ्याबद्दल काही गैरसमजूत राहायला नको.

माझी सगळी नोकरी पोस्टाच्या काउंटरमागे गेली. लोकांना वाटतं, तिकीट विकणाऱ्या बाईला तिकिटाचं काय कौतुक असणार? मला होतं. शिक्का मारायच्या आधी मी प्रत्येक नवं तिकीट नीट बघून घ्यायचे. घरी अल्बम होते, भिंग होतं, चिमटा होता, जाडजूड कॅटलॉग होते. शाळांच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून मला बोलवायचे. खोपोलीपासून नेरळपर्यंत कुणाच्या घरी जुनी पेटी उघडली आणि आत पत्रं निघाली, तर 'तिकीटवाल्या मॅडमना दाखवा' असं म्हणायचे. लग्न झालं नाही. आई होती तोवर आईचं करण्यात वेळ गेला, ती गेल्यावर अल्बम. त्यामुळे ते 'तिकीटवाल्या मॅडम' मला फार आवडायचं.

आपल्या भागातल्या जुन्या तिकिटांत माझा जीव भोर संस्थानाच्या तिकिटांवर. भोर घाटावर असलं तरी पाली-सुधागडचा मुलूख त्यांच्याकडे होता. म्हणजे आपण खालापूर ओलांडलं की पलीकडे संस्थान. तिथली सुरुवातीची तिकिटं राणीच्या तिकिटांसारखी यंत्रावर छापलेली नव्हती. हातकागदावर लाल रंगाचा ठसा एकेक करून मारायचा. कडेला भोकं नाहीत, मागे गोंद नाही. बघणाऱ्याला वाटावं, पोरानं बटाट्याचा ठसा केलाय. असं एक अर्ध्या आण्याचं तिकीट मी मुंबईच्या एका प्रदर्शनात विकत घेतलं होतं. कितीला ते कुणालाही सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही.

एकदा मला ताप होता म्हणून वहिनी ब्लाउज घेऊन घरीच आली. टेबलावर अल्बम उघडा होता. मी तिला ते तिकीट दाखवलं. कौतुकानं दाखवलं असं लिहिणार होते, पण खरं म्हणजे दिपवायला दाखवलं. संस्थान, हातकागद, एकेक ठसा, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "हातचा कागद म्हणता? बघू?" मोरीत जाऊन हात धुतले, माझ्या टॉवेलला कोरडे पुसले आणि तळवा पुढे केला. कुणीतरी माझ्या तिकिटाला बिनचिमट्याचा हात लावायची ती पहिलीच वेळ. मी नको म्हणेपर्यंत तिनं ते उलटं करून 'हाः' केलंसुद्धा.

तिकीट वळलं. दोन्ही कडांनी उठून सुपारीच्या सालीसारखं वळलं.

"ताई, ह्ये गिरणीचं हाय," ती म्हणाली. "हातचं नाय."

मी तिला काय म्हणाले ते लिहीत नाही. तापात होते, एवढंच. तिनं मनावर घेतलं नाही. समजावून सांगितलं. ब्लाउजचे कागदी नमुने ती खिळ्याला टांगायची. पावसाळ्यात ते सगळे एकाच अंगानं वळायचे. गिरणीच्या कागदाला कापडासारखा आडवा-उभा पोत असतो, ओल लागली की तो एका बाजूला ओढतो. आणि तिच्या सासऱ्यांच्या ट्रंकेत लग्नाची एक जुनी याद होती, देण्याघेण्याची यादी, हातकागदावरची. ती कितीही पाऊस लागला तरी निजून राहायची. बस, एवढंच तिचं शास्त्र. मी इतकी वर्षं जे पुस्तकात वाचत होते ते तिनं खिळ्याला टांगून बघितलं होतं.

ते तिकीट मी पुण्याच्या एका तिकीट-व्यापाऱ्याला दाखवलं. त्यानं भिंगाखाली दहा मिनिटं घालवली, दिव्यासमोर धरलं आणि नकली म्हणून परत दिलं. तिला एक श्वास लागला होता. मला इतका राग आला की माझ्या तोंडून निघून गेलं, आमच्या गल्लीतली टेलरबाईसुद्धा असंच म्हणाली होती. माणूस रागात जे बोलतो ते नेमकं त्याच्याच मुळावर येतं. पुढच्याच रविवारी तो व्यापारी पुण्याहून कर्जतला आला, तो माझ्याकडे नाही, तिच्याकडे.

मग सुरू झालं. पनवेलहून यायचे, पुण्याहून यायचे. चौक गावात गॅरेज असलेला एक गृहस्थ काळ्या हातांनी तिकिटं जमवायचा, तोही यायचा. तिच्या दुकानात बसायला जागा नाही म्हणून सगळे आधी माझ्या घरी बसायचे. माझा चहा, माझ्या खुर्च्या, माझे कॅटलॉग चाळायचे, आणि कप खाली ठेवला की म्हणायचे, "चला, वहिनींकडे जाऊन येतो." मी दारात उभी राहून त्यांना गल्ली ओलांडताना बघायचे. ती एक तिकीट बघायचे साडीला फॉल लावण्याइतकेच पैसे घ्यायची. तिकीट कवडीमोल असो की लाखाचं, दर तोच. कुणी जास्त द्यायला लागलं तर म्हणायची, "एवढाच वेळ लागला."

किंमत विचारली की तिचं एक उत्तर ठरलेलं. "घेणारा कोण हाय? त्याचं माप घेतल्याबिगर कसं सांगू?" पहिल्यांदा सगळे हसले. मी पण हसले, जरा मोठ्यानंच. नंतर त्या व्यापाऱ्यानं मला गंभीरपणे सांगितलं की किमतीचं याहून खरं उत्तर त्याला ठाऊक नाही. ज्याच्याकडे अर्ध्या आण्याचं तिकीट आहे आणि एक आण्याचं नाही, तो त्या एक आण्याच्या तिकिटाला काय देईल याचा काही हिशोब नसतो. मी कॅटलॉगमधला आकडा पाठ करून ठेवलेला असायचा, आणि हिला एका प्रश्नात सगळा बाजार कळलेला.

तिची नजर कापडाची होती, तेच तिचं भांडवल. तिकिटाच्या कडा बघून सांगायची, हे कात्रीनं कापलंय, हे सुरीनं. एकदा म्हणाली, कापणारा डावखुरा होता. रंग बघून सांगायची पक्का का कच्चा. आणि तिकीट पत्राला चिकटलेलं असलं की ती त्याला हातच लावायची नाही. तळव्याची परीक्षा फक्त सुट्या तिकिटाची. "नांदतंय तिथं नांदू द्यावं," म्हणायची. "पत्रच सांगतं सगळं." ही तिची वाक्यं मी मनातल्या मनात चिडून शंभरदा म्हटली असतील. शेवटचं मात्र नेमकं हवं तेव्हा आठवलं नाही.

मी गुपचूप शिकायचा प्रयत्नही केला. माझ्या 'हाः'नं काही व्हायचं नाही. तिकीट उडून कपाटाखाली जायचं आणि मी झाडणी घेऊन पालथी. एकदा तिनं ते बघितलं. टाचण्या तोंडात धरूनच हसली. "तुमी फुंकता गं ताई. फुंकर गार असते. पोटातनं करा." पोटातून म्हणजे कसं, ते विचारायला मला कमीपणा वाटला.

आता जे सांगायचं आहे ते सांगते.

पाच वर्षांपूर्वी मोहोपाड्याहून एक गृहस्थ माझ्याकडे आले. रसायनीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, अंगावर स्वच्छ इस्त्रीचा शर्ट. मूळ घर पालीच्या पलीकडचं. ते पाडायला घेतलं तेव्हा माळ्यावर एक पत्र सापडलं होतं, त्यांच्या पणज्यानं लिहिलेलं. मोडी कुणाला वाचता येत नव्हती. पत्राच्या कोपऱ्यात लाल तिकीट होतं. विकायचं नव्हतं त्यांना. पणज्याचं घरात दुसरं काहीच उरलं नव्हतं, फोटो नाही, भांडं नाही. तिकीट खरं आहे का आणि त्याचं मोल काय, एवढंच त्यांना पोरांना सांगायचं होतं, म्हणजे पोरं ते टाकून देणार नाहीत. त्यांचं तहसील कचेरीत काम होतं. दुपारी परत येतो म्हणाले. जाताना दारातून वळून म्हणाले, "तेवढं वहिनींना दाखवाल ना, मॅडम?"

मी हो म्हटलं. दार लावलं.

पत्र टेबलावर ठेवून मी किती वेळ बघत बसले ते आठवत नाही. आयुष्यभर ज्या तिकिटाची चित्रं बघितली ते समोर होतं, आणि ते घेऊन मी गल्ली ओलांडायची होती. तिच्या बाकावर बसायचं, ती हात पुसणार, पत्राकडे बघणार आणि सांगणार. मग हे गृहस्थ मोहोपाड्यात जाऊन सांगणार की कर्जतच्या वहिनींनी खरं असल्याचं सांगितलं. माझं नाव पत्ता सांगण्यापुरतं. मला वाटलं, एकदा तरी आधी मला कळू दे. तिकीट सुटं करायचं, तळव्यावर घ्यायचं, मीच 'हाः' करायचं. निकाल घेऊनच तिच्याकडे जायचं. मग पुन्हा चिकटवता आलं असतं, असंही मी स्वतःला सांगितलं.

पत्रावरून तिकीट सोडवायला पाणी लागतं. हजारो तिकिटं मी अशी सोडवली होती. बशीत कोमट पाणी घेतलं, पत्राचा कोपरा त्यात ठेवला आणि हात पुसायला मागे वळले.

त्या तिकिटांचा रंग पाण्यात विरघळतो, हे माझ्याच पुस्तकात लिहिलेलं आहे. त्या ओळीखाली माझ्याच पेन्सिलची रेघ आहे.

वळून बघितलं तर बशी गुलाबी झालेली. मी बोटं घालून तिकीट बाहेर काढलं, तोवर माझ्या हातात कोऱ्या कागदाचा तुकडा होता. पत्रावर जिथे ते होतं तिथे एक फिकट डाग राहिला. मी ते दोन्ही टिपकागदावर ठेवलं. बशीतलं पाणी मोरीत ओतलं नाही, कितीतरी वेळ तशीच हातात धरून उभी होते. आजही मला पहिल्यांदा ती बशीच दिसते.

तिच्याकडे गेले. दुसरं कुठे जाणार होते? तिनं मशीन थांबवलं, टिपकागद हातात घेतला. मी काही बोलायच्या आधीच तिनं विचारलं, "पाणी थंड व्हतं का कोमट?" कोमट, मी म्हटलं. तिनं टिपकागद उजेडाकडे वळवला. "कच्चा रंग," एवढंच म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी बाकावर बसले आणि तिनं अर्धवट राहिलेली बाही कापायला घेतली. आम्ही दोघी त्या गृहस्थांची वाट बघत बसलो.

ते आले. माझ्या घराला कडी बघून सरळ इकडेच आले. मी उठून उभी राहिले. कसं सांगायचं याची वाक्यं मी तासभर जुळवत होते आणि एकही जुळली नव्हती. तेवढ्यात ती म्हणाली, "भाऊ, माझ्या हातनं घोटाळा झाला. पत्र पाण्यात पडलं."

गृहस्थांनी टिपकागदाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पत्र उचललं, घडी न घालता पिशवीत ठेवलं. तो कोरा तुकडा घेऊन काय करू, म्हणाले, आणि तो तिच्या टेबलावर तसाच ठेवला. तिनं समोरून चहा मागवला. त्यांनी घेतला. मलाही कप धरावा लागला. "असू दे वहिनी," असं म्हणून ते गेले.

मी एक शब्द बोलले नाही. तिकीटवाल्या मॅडम एक शब्द बोलल्या नाहीत.

ही गोष्ट पसरायला किती दिवस लागणार? पुण्याचा व्यापारी यायचा बंद झाला. ज्या बाईच्या हातून जुनं पत्र पाण्यात पडतं तिच्या हातात कोण तिकीट देणार? एकेक करून सगळेच थांबले. फक्त चौकातला गॅरेजवाला येत राहिला, तो म्हणायचा माझ्या हातून गाड्या पडतात, त्याचं काय. बाकीचे पुन्हा माझ्याकडे यायला लागले. चहा घ्यायचे, कॅटलॉग चाळायचे आणि बसून राहायचे. मला आठवडाभर बरं वाटलं. हेही लिहून ठेवते, कारण न लिहिण्यासारखं एवढंच आहे.

त्यानंतर आधीपेक्षा वाईट झालं. आधी मला तिच्या नजरेचा हेवा वाटायचा. आता तिनं जे सहज बोलून टाकलं त्याचा वाटायला लागला. मी तिथे उभी होते, चूक माझी होती, तोंड मला होतं, आणि तरी आधी तोंड तिनंच उघडलं. चांगुलपणाच्या बाबतीत तरी मी बरोबरीत असेन असा माझा समज होता.

एके दिवशी ब्लाउजचं माप द्यायच्या निमित्तानं गेले आणि विचारलं, की तुम्ही ते का सांगितलंत? ती माझी पाठ मोजत होती, त्यामुळे तिचा चेहरा मला दिसत नव्हता.

"माझं काय गं, माझं मशीन हाय," ती म्हणाली. "तिकिटाची लोकं नाय आली तर ब्लाउजची येतात. तुमाला तेवढंच हाय."

टेप गुंडाळून तिनं माप लिहून घेतलं. मी घरी आले. तो ब्लाउज मी अजून घातलेला नाही.

तिच्यात आणि माझ्यात त्यावरून पुढे कधी बोलणं झालं नाही. ती तशीच ताई म्हणायची. सणाला तांदळाच्या भाकरी पाठवायची. मी त्या खायचे आणि डबा धुऊन परत करताना ठरवायचे, की आता मोहोपाड्याला जायचं आणि त्या गृहस्थांना सांगून यायचं. चार वर्षं ठरवत होते. मग गेल्या दिवाळीआधी ती आजारी पडली, आणि महिनाभरात गेली. शेवटी भेटायला गेले तेव्हा ती झोपेत होती. मी उशाशी बसून राहिले, आणि मला बोलावं लागलं नाही म्हणून सुटल्यासारखं वाटलं.

दिवस झाल्यावर तिची सून एक पत्र्याची डबी घेऊन आली. "आईंनी सांगितलं व्हतं, ही ताईंना द्या," म्हणाली. आत हुक होते, बटणं होती, मापाच्या खडूचा तुकडा होता, आणि बटरपेपरच्या पुडीत तो कोरा कागद. चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. ती कुठे लिहीत बसणार.

त्याच आठवड्यात मी चौक गावापर्यंत एसटीनं आणि पुढे रिक्षानं मोहोपाड्याला गेले. विचारत विचारत घर सापडलं. गृहस्थांनी मला ओळखलं, खुर्ची दिली. समोर भिंतीवर ते पत्र होतं. फ्रेम करून लावलं होतं, कोपऱ्यातल्या फिकट डागासकट. मी बसलेच नाही. बसले असते तर पुन्हा राहिलं असतं. उभ्या उभ्याच सांगितलं, की वहिनी गेल्या, आणि तुमचं पत्र त्यांच्या हातून पाण्यात पडलं नव्हतं, मी बुडवलं होतं.

"ठाऊक हाय, मॅडम," ते म्हणाले.

मला वाटलं वहिनीनं मागाहून सांगितलं असेल. तसं नव्हतं. "त्या बोलत व्हत्या तवा त्यांच्या बोटांना खडू व्हता," ते म्हणाले. "तुमचे हात पदराखाली व्हते. चहा घ्यायला काढलेत तवा बघितले. लाल व्हते."

मग तुम्ही काही बोलला का नाहीत, मी विचारलं.

"एवढ्या मोठ्या मनानं त्या बाईनं अंगावर घेतलं. ते मी कशाला मोडू?"

चार वर्षं मी एक गुपित सांभाळत होते आणि ते तिघांनाही ठाऊक होतं. मी तेव्हा खुर्चीत बसले. त्यांच्या सुनेनं पाणी आणून दिलं. पिऊन झाल्यावर मी पिशवीतून डबी काढली, हात साडीला कोरडे पुसले आणि तो तुकडा उलटा करून डाव्या तळव्यावर ठेवला. उलटा तरी कशावरून, दोन्ही बाजू सारख्याच झाल्या होत्या. गृहस्थ जवळ येऊन बघायला लागले. मी तोंड जवळ नेलं. छाती भरून आली होती म्हणून असेल, या वेळी फुंकर आली नाही. 'हाः' पोटातून आलं.

तुकडा निजून राहिला. एकही कड उचलली नाही.

"म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"खरं आहे," मी म्हटलं. "पत्रावर होतं तेव्हा फार मोल होतं त्याला. आता बाजारात कुणी काही देणार नाही. पण खरं होतं."

त्यांनी मान हलवली. "पणज्यानं खरं तिकीट लावलं व्हतं," असं सुनेला सांगितलं, आणि भिंतीवरची फ्रेम उतरवून मागचे बारीक खिळे उपसायला घेतले. मी निघाले तेव्हा ते तो तुकडा डागावर बरोबर बसतो का ते बघत होते.

कर्जतला उतरले तेव्हा अजून उजेड होता. तिच्या आजारपणातच दुकान भाड्यानं गेलं होतं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तरी सवयीनं मी घराऐवजी तिकडेच वळले. तिला सांगायचं होतं, की निजलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका तिकिटाचा निकाल मी लावला होता, तिच्या आधी. दुकानासमोर येऊन उभी राहिले आणि मग माझ्या लक्षात आलं. तो तुकडा चार वर्षं तिच्या डबीत होता. दुपारी गिऱ्हाईक नसताना तिनं तो कधीतरी तळव्यावर घेतला असणारच. माझ्यासमोर तेवढं केलं नाही. म्हणजे हेसुद्धा तिला माझ्या आधी ठाऊक होतं.

कव्हरवाल्यानं विचारलं, कोणत्या फोनचं पाहिजे. मी काही नको म्हटलं. तिथे उभी राहून मला तिचा पुन्हा हेवा वाटला, आणि तो तिच्यासमोर लपवायची आता गरज उरली नव्हती.